साधा, भोकांचा की पट्ट्यांचा

आमच्या घरात पत्रकं कधी फेकली गेली नाहीत. अप्पा गिरणीत होते तोवर गेटवर वाटलेलं प्रत्येक पत्रक घरी यायचं आणि वाचून झालं की अव्वा, म्हणजे आमची आई, ते फळीवर डब्यांखाली अंथरायची. मी अक्षरं शिकले ती डब्यांच्या मधून दिसणाऱ्या त्या ओळींवरून. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते बहुतेक वेळा वरून येतं आणि ते मोठ्यानं सांगायचं असतं, एवढं मला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं. संप मोडल्यावर अप्पांना परत कामावर घेतलं नाही. मग ते नव्या पेठेतल्या एका चादरीच्या व्यापाऱ्याची अँबॅसिडर चालवू लागले. पत्रकं यायची काही थांबली नाहीत. आता ती मी आणायची, कॉलेजातून.

मी सांगते आहे त्या दिवसांत अप्पांच्या डोक्यात एकच विषय होता. गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक ड्रम. चाकाबरोबर एक जाड लोखंडी डबा फिरतो, पेडल दाबलं की आतून लायनर त्याला घट्ट लागतात आणि गाडी थांबते. तो डबा म्हणजे ड्रम. शेठच्या गाडीचे ड्रम घासून बाद झाले होते आणि नवे घालायचेच होते. शेठ म्हणाले, "तुला पाहिजेत ते बसव, पाय तुझा आहे." या औदार्यावर मी घरी एक वाक्य बोलले, ते इथं देत नाही. दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर दुपारपर्यंत काम उरकून चहाला गेला असता. अप्पांचं ठरता ठरेना, कारण त्याच गाडीतून अक्काला आणायचं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. तुळजापूरच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली. 'दिलेली' या शब्दाबद्दल माझं काय म्हणणं आहे ते मी तिच्या लग्नातच सांगून सगळ्यांना गप्प केलं होतं. तिला सातवा लागला होता. ओटी भरून माहेरी आणायचं होतं आणि वाटेत तुळजापूरचा घाट उतरायचा होता.

याआधी एकदा तिला असंच आणलं होतं. ते दुष्काळाचं साल. अप्पाच गाडी घेऊन गेले होते. उतरताना ड्रम तापले, पेडल पायाखाली खचत गेलं, अप्पा ते पुन्हापुन्हा मारत राहिले आणि एका वळणावर ब्रेक एकदम लागला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागं बसलेली अक्का पुढच्या सीटवर आदळली. त्यानंतर काही दिवसांनी तिचं पोटातलं मूल गेलं.

डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की त्या झटक्याचा काही संबंध नाही, हिच्या अंगात रक्तच नाही. रक्त कुठून असणार? ती सबंध उन्हाळा दुष्काळी कामावर खडीच्या पाट्या उचलत होती, घरी येऊन कोसभरावरून पाणी आणत होती आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खात होती. पण तिच्या सासरी बोललं गेलं ते वेगळंच. बापाच्या गाडीनं पोर घालवलं. हे वाक्य आमच्या घरी येऊन पोचलं, त्याचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

अप्पांनी मात्र त्यावर कधी एक शब्द काढला नाही. अक्काशीही नाही. असल्या गोष्टी बापलेकीत बोलत नाहीत. ती सणाला यायची तेव्हा येष्टीनं यायची, आणि अप्पा स्टँडवर तिची पिशवी धरून पुढं चालायला लागायचे.

ड्रम मिळायचे ते चाचांकडं. चाचा म्हणजे अप्पांचे जुने दोस्त, स्टेशनच्या बाजूला त्यांचं लेथचं दुकान. त्यांना परदेशी मोटारींच्या चित्रांचा भारी नाद. रद्दीतून आलेल्या कुठल्याशा मासिकात त्यांनी शर्यतीच्या गाडीचं चाक पाहिलं आणि तसाच एक जोड करून ठेवला होता. ड्रमच्या सगळ्या कडेला सुबक गोल भोकं.

"ये देखो अप्पा," चाचा म्हणाले, "गरमी बाहर निकल जाती. ऐसा ब्रेक लगता की गाडी बोलती, बस, अब हिलती नै."

"आन त्या भोकातून धूळ आत गेली तर?"

"तो फूंक मारो!"

"घाटात उतरून फुंकर मारत बसू व्हय?"

"अरे, बेटी कू लाने जारे की शर्यत कू जारे? एक तो तुमारेकू ब्रेक जोरदार होना, फिर बोलते धूळ."

दुसरा जोड साधा, कंपनीचा, गुळगुळीत. तिसरा इथल्याच एका ओतकामाच्या कारखान्यात ओतून घेतलेला, जड, बाहेरून उभ्या पट्ट्या असलेला. त्या पट्ट्यांना वारा लागला की ड्रम थंड राहतो म्हणे. अप्पांनी तिन्ही हातात घेतले, बोटाच्या पेरानं आतून चाचपले, वाजवून पाहिले. मग म्हणाले, "तिन्ही घालून बघतो."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "लीडर, तुमीच समजाव इनकू."

मी समजावायला गेले नाही. एकेका रविवारी एकेक जोड चढला आणि आम्ही घाटाला गेलो. वर पोचल्यावर अप्पांनी तांब्या काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला.

"मागं बस. पोटाशी धर."

"हे कशाला?"

"धर म्हनतो की. आन सांडायला लागलं तर सावरू नको. सांडू दे."

मला हसू आलं, आणि मग एकदम मावळलं. मी तांब्या पोटाशी धरून मागं बसले आणि अप्पांनी दुसऱ्या गिअरात गाडी उतरायला घातली. साधा ड्रम वरच्या वळणांना लोण्यासारखा लागला, थेंब सांडला नाही. खाली येईतो तापला आणि पाणी हेलकावे खायला लागलं. भोकांचा ड्रम खालपर्यंत थंड राहिला, पण पहिल्या वळणापासून चावला. प्रत्येक ब्रेकला कुत्र्यासारखा गुरगुरायचा आणि माझी मांडी भिजायची. खाली आले तेव्हा तांब्या निम्मा आणि साडी चिंब. पायथ्याच्या चहावाल्यानं काय समजून घेतलं कुणास ठाऊक, दुसरीकडं तोंड करून उभा राहिला.

"ह्यो शर्यतीला बरा," अप्पा म्हणाले. "मानसाला न्हाय."

पट्ट्यांचा ड्रम वरती थोडा आळशी होता, पाय जास्त दाबावा लागायचा. पण जसा वर लागायचा तसाच खाली. शेवटच्या वळणाला माझ्या तांब्यातलं पाणी कडेपर्यंत येऊन परत गेलं.

"झालं!" मी म्हणाले. "ठरलं. पट्ट्यांचा."

अप्पांनी गाडी बाजूला घेतली, तांब्यात वाकून बघितलं आणि मान हलवली. मग समोर रस्त्याकडं बघत म्हणाले, "व्हय. ह्योच बसवू. आन गाडी चाचा चालवंल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "चाचा? मग तुम्ही?"

"मी येतो की संगं. आन घाट आला की येष्टीनं उतरतो."

त्यावर मी जे बोलले ते एका सभेला पुरलं असतं. दुष्काळ कुणी हाताळला, रोजगाराच्या कामावर पोटुशा बाईला पाटी कुणी उचलायला लावली, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, बायांच्या अंगात रक्त का नसतं, हे सगळं. प्रत्येक शब्द खरा होता. आजही त्यातला एक मागं घ्यायची माझी तयारी नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही.

"तुजं खरं हाय," ते म्हणाले. "पर पाय माजा हुता."

आणि त्यांनी गाडी चालू केली. असं पत्रक मी पाहिलेलं नव्हतं ज्यात याला उत्तर असेल.

ठरल्या दिवशी आम्ही अक्काच्या गावी गेलो. चाचा स्टिअरिंगवर, टोपी नवी, अत्तर लावलेलं. त्यांच्या शेजारी अप्पा आणि मागं मी. अव्वा घरी स्वयंपाकाला थांबली होती. दारात ओटी भरून झाली, बायकांनी अक्काला हिरवा चुडा भरला होता, तिचा चेहरा जरा सुजल्यासारखा आणि फार सुंदर दिसत होता. तिची सासू गाडीपर्यंत आली आणि अप्पांच्या अंगावरून बघत हवेत म्हणाली, "ह्या खेपेला तरी नीट न्या म्हनावं."

मी तोंड उघडलं. अक्कानं माझा दंड इतक्या जोरात दाबला की मी मिटलं.

ती गाडीजवळ गेली. चाचांना स्टिअरिंगवर पाहिलं, पलीकडच्या दाराशी पायाकडं बघत उभ्या असलेल्या अप्पांना पाहिलं.

"चाचा, तुमी?" ती म्हणाली.

"हौ बेटी. अप्पा की कंबर जरा..." चाचांना खोटं बोलायला कधी जमलं नाही. "जरा कंबर है."

"अप्पा, कंबर दुकती व्हय?"

अप्पांनी वाकून चपलेचा अंगठा सारखा केला.

"मग न्हाय येत मी," अक्का म्हणाली आणि खरंच पायरीवर जाऊन बसली. भरल्या ओटीनं, सगळ्या गल्लीसमोर. सासू म्हणाली, अगं बये, ओटी भरल्यावर माघारी फिरू नये. अक्का म्हणाली, "फिरले कुटं? बसले." कुणीतरी हसलं. अप्पा तिच्यापाशी आले. किती तरी दिवसांत ते तिच्या इतक्या जवळ उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

"पोरी, हट्ट करू नये. चाचाचा हात चांगला हाय."

"असंल. त्या दिशी चाचा न्हवते." तिचा आवाज हळू होता, पण दारातल्या सगळ्यांनी ऐकलं. "अप्पा, फुडं दरी हुती. मी काचंतनं बघत हुते. पेडल खाली गेलं ते मला कळलं, तुमच्या पाठीकडं बघून कळलं. मी म्हनलं, गेलो आता. आन गाडी थांबली. लोक मला इचारतात झटका किती बसला. मला झटका आठवतच न्हाय. गाडी थांबली ते आठवतं."

सासू पदर सारखा करत आत गेली. तिला माझ्याकडून जे ऐकायला मिळणार होतं त्यातलं काहीच तिला मिळालं नाही, आणि तरी ती आत गेली.

अप्पांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, मान पुसली, परत तोंड पुसलं. चाचा आधीच उतरून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले होते. "चलो," ते आतूनच ओरडले, "मेरेकू तो घाट में चक्कर आती, कबसे बोलरा मैं."

त्यानंतर पुढं जे व्हायचं ते नीट झालं, मुलगी झाली, ती आता घरभर डबे पाडत फिरते. पण मला सांगायचं आहे ते घाटातलं.

अप्पांनी गाडी वरून खाली घातली तेव्हा चाचा कुराणातलं काहीतरी पुटपुटत होते आणि मी समोरच्या सीटची कड धरून बसले होते. अप्पांचा पाय ब्रेकवर असा चालला होता, जशी अव्वा दुधावरची साय बाजूला करते. वळण आलं आणि गेलं. दुसरं आलं आणि गेलं. खालची शेतं वर येत होती. मी अक्काकडं बघितलं, तिला बरं वाटतंय का विचारायला, तर ती झोपली होती. डोकं माझ्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं, हात पोटावर सैल.

मी आरशात अप्पांकडं बघितलं आणि खुणेनं सांगितलं. त्यांनी आरशातून पाहिलं. परत रस्त्याकडं पाहिलं. परत आरशात.

पायथ्याला रस्ता सरळ झाला तिथं त्यांनी गाडी एका लिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. चाचा उतरून चाकापाशी वाकले, ड्रमजवळ हात नेऊन बघितला आणि काचेतून कुजबुजले, "ठंडा है रे अप्पा, ठंडा! चलो, बेटी भुकी रहेगी."

"दार लावू नका," अप्पा म्हणाले. "आवाज व्हतो."

मागून येष्टी आली, वळणावर भोंगा वाजवायच्या बेतात. अप्पा खाली उतरून रस्त्याच्या कडेला गेले आणि दोन्ही हात वर करून त्या ड्रायव्हरला खुणावू लागले, वाजवू नको, वाजवू नको. त्यानं काय समजलं कोण जाणे, पण भोंगा न वाजवता हळू गाडी काढली. अप्पा परत येऊन दाराला टेकून उभे राहिले. चाचा वैतागून विडी शोधत होते. माझा खांदा दुखायला लागला होता.

"अप्पा, उठवू का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "झोपू दे तिला."