आईचे चौकोन लहान भरले

माझ्या मावशीला आम्ही घरात उसवमावशी म्हणायचो. लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून ती लोकांचे फाटके कोट आणि झिजलेल्या बाह्या नीट करते. हात असा, की फाटलं कुठे होतं ते खुद्द मालकालाही सापडू नये. पण टाका सुताएवढा जरी वाकडा गेला तरी सगळं उसवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आईचं आणि तिचं यावरून जन्मभर वाजायचं. आईचं शिवण म्हणजे धरला तुकडा की लावला. "अंगावर घ्यायचंय, भिंतीवर नाही टांगायचं," असं तिचं म्हणणं.

आईने अंथरूण धरलं तेव्हा हिवाळा नुकता लागला होता. दोन ब्लँकेटं घातली तरी तिची हुडहुडी जाईना. एका दुपारी मावशी जुन्या कपड्यांचं बोचकं घेऊन आली आणि खाटेवर बसली.

"गोधडी करू या. दोघी मिळून."

"कसली?" आईने विचारलं.

"थंडीची. आपल्या त्या खोलीतल्यासारखी."

लहानपणी दोघी एका गारठलेल्या खोलीत, एकाच गोधडीत झोपायच्या. आई झोपेत सगळी गोधडी आपल्याकडे ओढायची आणि सकाळी थोरली बहीण, म्हणजे मावशी, उघडी पडलेली असायची. ही तक्रार मी कळायला लागल्यापासून ऐकत आले आहे. आई त्यावर नेहमी हसायची. त्या दिवशीही हसली आणि म्हणाली, "चालेल. पण हिवाळा संपायच्या आत हवी. एकदा तरी अंगावर घेऊ दे मला."

चौकोन नऊ इंची ठरले, प्रत्येकावर थंडीचं एक चित्र. मावशीने आपल्या घरी बाहेरची थंडी शिवायची आणि आईने अंथरुणात बसून घरातली. मावशीचं धुरांडं झालं, तारेवर अंग फुगवून बसलेला पक्षी झाला, मग तिने पान न उरलेलं झाड घेतलं. आईने वाफ धरलेली खिडकी केली. मग दाराशी काढलेले ओले बूट केले, तर दोन्ही डाव्या पायाचे. मावशीची बोटं उसवायला शिवशिवली. आईने चौकोन झटकन उशीखाली सारला.

"माझ्या कामाला हात लावायचा नाही. आधीच सांगून ठेवते."

आईचे चौकोन असे भराभर होत होते आणि मावशीचं झाड काही केल्या पुरं होत नव्हतं. एक फांदी जाड आली म्हणून तिने ते उसवलं. पुन्हा शिवलं, पुन्हा उसवलं. शेवटी माझा तोल गेला. "अगं, आईकडे तेवढा वेळ आहे का?" असं मी तिला तोंडावर विचारलं. तिने दाताने दोरा तोडला आणि सुई ओवत बसली.

ऐन थंडीत आई गेली. शेवटचा चौकोन तिच्या छातीवर होता आणि सुई त्यातच टोचलेली होती.

काही दिवसांनी मावशी आपले चौकोन घेऊन आली. आईच्या रिकाम्या खाटेवर तिने सगळे मांडले आणि थांबली. आईचे चौकोन लहान भरले होते, सगळे सारखेच लहान. मावशीने टेप लावला आणि मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ इंच म्हणजे शिवून झाल्यावर नऊ, हा मावशीचा हिशेब. शिवणीत जाणारी माया ती वेगळी सोडते. आईचे नऊ म्हणजे कात्री लावतानाच नऊ, माया त्यातच. सगळं जग आपल्यासारखंच मोजतं याची दोघींना इतकी खात्री, की जन्मभर टाक्यांवरून भांडून हे विचारायचं एकीलाही सुचलं नव्हतं. मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू.

"आईच्या चौकोनांना कडेने पट्टी लाव ना," मी म्हटलं.

"नाही. हात लावू नको म्हणालीये ती."

मग तिने कात्री घेतली आणि स्वतःचे चौकोन चारी बाजूंनी कापायला लागली. झाडाचे शेंडे गेले. धुराचं टोक गेलं, पक्ष्याची शेपटी गेली. ज्या फांदीसाठी माझ्या आईचे दिवस खर्ची पडले, ती अर्धी जमिनीवर पडली. मला तिचा भयंकर राग आला होता. तो सगळा गेला असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या वेळी मी खाली बसून तुकडे गोळा करायला लागले.

आईचा शेवटचा चौकोन कपाचा होता. कान अजून लागला नव्हता. मावशीने सुई काढून घेतली, लोंबणाऱ्या दोऱ्याला गाठ मारली आणि बिनकानाचा कप तसाच जोडून टाकला. दोन्ही डावे बूटही तिने उसवले नाहीत.

गोधडी तिच्याकडेच राहिली. परवा तिच्याकडे मुक्कामाला होते, सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले. पलंग चांगला रुंद, पण ही अगदी कडेला, गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत पडलेली. गोधडी सगळी पलीकडच्या रिकाम्या बाजूला. मी पेला ठेवला आणि गोधडी हिच्या अंगावर घालायला वाकले.

"राहू दे," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "ओढू दे तिला."