अकरा जणांचं जेवण आणि एक जिना

न्यू ऑर्लिन्सच्या त्या जुन्या दफनभूमीच्या भिंतीबाहेर मी दोन पिशव्या पायांशी धरून पाऊण तास बसले होते. आत आमच्या ग्रुपची दहा माणसं गाइडबरोबर फिरत होती. मला आत जायला बंदी होती. ती दफनभूमीवाल्यांनी नव्हे, ताईंनी घातली होती. पिशव्यांत अकरा जणांचं जेवण होतं आणि जेवणाला स्मशानाची हवा लागू द्यायची नाही, असं सकाळी हॉटेलच्या लॉबीत ठरलं होतं. ठरलं म्हणजे ताईंनी सांगितलं.

ताई माझ्या कोणी नात्यातल्या नाहीत. माझी मुलगी नोकरीसाठी एकटी न्यू जर्सीत आली आणि सहा महिन्यांत तिची नोकरी गेली, तेव्हा वेस्ट विंडसरच्या या बाईंनी तिला घरात ठेवून घेतलं. तीन महिने जेवू घातलं. गाडीनं इंटरव्ह्यूंना नेलं, आणलं. मी तेव्हा गावाकडे फोन उशाशी घेऊन बसलेली. मुलगी त्यांना काकू म्हणते, मी ताई म्हणते. आज माझी पोर पार्सिपनीत स्वतःच्या घरात राहते आणि मी तिच्याजवळ आहे, ते त्या तीन महिन्यांमुळे. अशा बाईविषयी वाईट लिहिताना हात अडखळतो. तरी लिहिते.

मी इथं आल्यापासून ताईंच्या गणपतीचे मोदक माझ्याकडे. हळदीकुंकवाची पन्नास माणसं माझ्याकडे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर मी त्यांच्या घरी होते. मला कोणी विचारलं नाही आणि मीही कधी नाही म्हटलं नाही.

ताई आणि त्यांचे यजमान, त्यांना मी भावजी म्हणते, दरवर्षी आपल्या रिटायर्ड मित्रमंडळींची सहल काढतात. या वर्षी फ्रान्सला जायचं होतं. पण कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, इतका वेळ विमानात बसवणार नाही म्हणाले. मग भावजींनी शोध लावला की आपल्याच देशात फ्रेंच शहर आहे. चार दिवस, गाइडसकट, फ्रेंचांच्या खुणा बघायच्या. ताईंचा मला फोन आला. "तूही चल. तिकीट आमच्याकडे लागलं. तू फक्त खाण्याचं बघ, तिथल्या प्रत्येक पातेल्यात खेकडा असतो म्हणे."

मी हो म्हटलं ते उपकाराच्या ओझ्यानं, असं मुलीला वाटलं. खरं कारण वेगळं होतं.

पार्सिपनीच्या लायब्ररीत मी इंग्रजी शिकायला जाते. तिथल्या बाईंनी एकदा वाचायला एक पान दिलं. फ्रान्सच्या काही नन्स गलबतात बसून निघाल्या, कित्येक महिने समुद्रावर काढले आणि न्यू ऑर्लिन्सच्या चिखलात त्यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली. गोऱ्या मुली, गुलामांच्या मुली, तिथल्या मूळच्या लोकांच्या मुली. पहिला मठ मोडकळीला आला तेव्हा दुसरा बांधला आणि पहिल्यातला लाकडी जिना उचलून दुसऱ्यात बसवला. तो जिना अजून आहे, पायऱ्या झिजलेल्या आहेत, असं त्या पानात होतं. एक पान वाचायला मला तीन दिवस लागले.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत होती, बैठी, एका ओळीत चार खोल्या. आठवीला तालुक्याला जावं लागे. तिथल्या हायस्कूलला वरचा मजला होता. नाव घालायला वडिलांबरोबर गेले तेव्हा मी तो जिना खालून पाहिला. मुख्याध्यापक जेवायला गेले होते. वडील थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, राहू दे. तेवढ्यावर माझी शाळा संपली.

म्हणून मला तो मठ बघायचा होता. बाकी काही नाही दिसलं तरी चाललं असतं.

पहिल्या दिवशी गाइडनं शहरभर फिरवलं. हडकुळा, सत्तरीचा माणूस, डोक्यावर गवती हॅट, हातात मिटलेली छत्री. छत्रीनं तो एकेक घर दाखवी. लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्यांखाली आमच्या लोकांनी भरपूर फोटो काढले, आणि मग तो म्हणाला की हे काही फ्रेंचांचं नाही, आगीत फ्रेंच गाव जळालं, नंतरचं हे स्पॅनिश राजवटीतलं आणि त्याच्याही नंतरचं.

भावजी चिडले. त्यांनी फ्रान्सवर चार पुस्तकं वाचली होती. "पण ब्रोशरमध्ये तर फ्रेंच लिहिलंय," ते इंग्रजीत म्हणाले.

"शहर जळालं, सर. मी नाही जाळलं," गाइड म्हणाला. "खरंखुरं फ्रेंच राजाच्या काळातलं बघायचं तर तो नन्सचा मठ. उद्या दोन वाजता. साडेतीनला दार बंद होतं, तेव्हा उशीर नको."

एवढं इंग्रजी मला कळलं. मी मनात दोनदा म्हणून पाहिलं. दोन वाजता. साडेतीनला बंद.

खोलीत माझ्याबरोबर नागपूरच्या एक बाई होत्या, मुलाकडे आलेल्या. हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेल्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी मठाचं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला कशाला हो मठ? आम्हालाच त्या माणसाचं अर्धं कळत नाही. तुमची किती, सातवी ना?" मी हो म्हटलं. त्यांनी कूस बदलली.

तर दुसऱ्या दिवशी मी त्या भिंतीबाहेर बसले होते. एका पिशवीत तीन डब्यांत पोळ्यांच्या घड्या, दुसरीत बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. दर पाच मिनिटांनी मी ब्लाउजमध्ये पिन लावलेली थैली चाचपत होते. तिच्यात माझं ग्रीन कार्ड असतं. मी कुठंही एकटी बसले की मला वाटतं, कोणी येऊन विचारेल, तू इथं काय करतेस.

सव्वा वाजता सगळे बाहेर आले. ठरलं होतं ते असं, की चौकातल्या बागेत जेवायचं आणि दोनला मठात जायचं. मी उठले, पिशव्या उचलल्या.

"थांब," ताई म्हणाल्या. "असं नाही जेवायचं कोणी. स्मशानातून आलोय. आधी हॉटेलवर जाऊन आंघोळी करायच्या."

"अहो, दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्यांचं कसलं सुतक?" मॅडम म्हणाल्या.

"स्मशान ते स्मशान. तुमच्या नागपुरात चालत असेल."

बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच आंघोळ नको होती, पण नको म्हणायचं कोणी? तिकिटं, रूम, औषधं, सगळ्यांचं सगळं ताईंच्या हातात. भावजी गाइडला समजावू लागले. ते नुसतं "बाथ, बाथ" म्हणत होते.

"दहाही जणांना?" गाइडनं विचारलं. मग घड्याळ पाहिलं. "मठ?"

"मठ राहिला," ताई मराठीतच म्हणाल्या. "काय बघायचंय तिथं, जुनी भिंत. भिंती काल पुष्कळ बघितल्या."

खोल्या सहा होत्या. दहा आंघोळी, मग जेवण. चार वाजलेच असते. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. मी उभ्या उभ्या हा हिशेब केला आणि मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली.

"ताई," मी म्हटलं, "मी आत गेलेच नाही."

"मग?"

"मला आंघोळ नाही लागत. मी गाइडबरोबर मठ बघून येते. तुमच्या आंघोळी होईपर्यंत परत येईन."

ताई हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते. "आणि पानं कोण घेणार? एकटीनं काय बघणार आहेस तू, तुला कळणार तरी आहे का? चल, पिशव्या घे."

"पिशव्या तुम्ही न्या."

त्यांचा हात पिशवीकडे आला आणि मधेच थांबला. त्या स्मशानातून आलेल्या. दहाही जण स्मशानातून आलेले. अन्नाला हात लावायला शुद्ध अशी एकटी मीच होते. त्यांच्याच नियमानं मी मोकळी होते आणि त्यांच्याच नियमानं बांधलेली. ताईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी हात मागं घेतला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बघ, तुलाच आणावं लागणार. चल, उशीर होतोय."

मी पुढं जे केलं ते चुकून झालं असं नंतर सगळ्यांनी समजून घेतलं, निदान मुलीनं तरी. तसं नव्हतं. गाइड कालपासून माझ्या पिशवीकडे बघत होता. मी पिशवी बाकावर ठेवली, पोळ्यांचा डबा उघडला आणि त्याच्यापुढं धरला. "प्लीज, सर. टेक."

त्यानं हात पँटला पुसला. त्याच हातानं तो आत थडग्यांवरची नावं दाखवत असणार. त्यानं दोन घड्या उचलल्या. मी दुसरा डबा उघडला. मग तिसरा. मग चटणीचं झाकण काढलं. तो प्रत्येकातलं थोडं थोडं घेत गेला, मान हलवत. मी त्याला थांबवलं नाही. उलट भाजीचा डबा पुढं सरकवला.

"काय केलंस हे," ताई म्हणाल्या.

"त्यांना भूक लागली होती."

"तुला कळतंय का काय केलंस?"

"हो."

मॅडमचा हात डब्याकडे निघाला, ताईंनी पाहिलं तसा परत गेला. भावजी रस्त्यापलीकडे बघत राहिले. ताई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दहा माणसं उपाशी ठेवलीस. तुझ्या पोरीला मी तीन महिने घरात ठेवलं, ते विसरलीस."

"विसरले नाही. तुम्ही विसरू देताय कुठं."

हे मी तोंडानं बोलले की नुसतं मनात, आज नक्की आठवत नाही. मुलगी म्हणते बोललीस. ताईंनी तिला फोनवर शब्दन् शब्द सांगितलाय.

त्या नऊ जणांना घेऊन निघून गेल्या. मी डब्यांची झाकणं लावली. एक झाकण नीट बसेना.

गाइड काही प्रेमळ माणूस नव्हता. तो भराभर चालला, मी पिशव्या घेऊन मागं. वाटेत म्हणाला, तुमच्या लोकांना इतिहास नकोय, फोटो हवेत. मला राग आला. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला सांगू लागले की त्या बाईंनी माझ्या मुलीला घर दिलं, वाईट वेळी, त्या चांगल्या आहेत. तो म्हणाला, असतील. आणि छत्रीनं रस्ता दाखवला.

मठाचं दार दोनला पाच कमी असताना आलं. आत थंड होतं, लाकडाचा वास होता. जिना लगेच समोरच. एका बाजूला वळत वर गेलेला, काळपट लाकूड, आणि पायऱ्या खरंच मधोमध बसक्या झालेल्या. खालच्या पायरीवर आडवा दोर बांधला होता.

"वर जाता येत नाही," गाइड म्हणाला.

"मुली इथून वर जात होत्या?" मी विचारलं.

"कोणाला माहीत. नन्स जात असतील. मुली खालीच बसत असतील." त्याची वेळ संपली होती. त्यानं हॅटला हात लावला आणि गेला.

मी दोराच्या अलीकडे उभी राहिले. पहारेकऱ्यानं पिशव्यांकडे पाहिलं आणि मान वळवली. मी थैली चाचपली नाही, हे मला नंतर आठवलं. पायऱ्या मोजल्या. वळणापर्यंतच्या दिसल्या, पुढच्या दिसल्या नाहीत. म्हणजे याही वेळी मी जिना खालूनच पाहिला. पण या वेळी मला कोणी राहू दे म्हटलं नव्हतं. दार बंद व्हायला दीड तास होता. तेवढा वेळ मी तिथंच काढला. मधे बाहेर अंगणात बसून दोन पोळ्या खाल्ल्या आणि पुन्हा आत येऊन उभी राहिले.

हॉटेलवर गेले तेव्हा सगळे ब्रेड आणि केळी खाऊन झोपले होते. संध्याकाळी माझ्याशी कोणी बोललं नाही. मॅडमनी मात्र दिवा मालवताना विचारलं, "काय होतं हो तिथं?" मी म्हटलं, जिना. त्या म्हणाल्या, "बस?" मी म्हटलं, बस.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "आई, प्लीज, काकूंना सॉरी म्हण. त्यांनी माझ्यासाठी काय केलंय, तुला माहितेय ना यार."

"माहितेय. म्हणते."

नेवार्कला सामानाच्या पट्ट्याजवळ मी ताईंपाशी जाऊन उभी राहिले. "ताई, जेवणाचं माझं चुकलं. अन्न वाया घालवायला नको होतं."

त्या पट्ट्याकडे बघत होत्या. "आणि बाकीचं?"

"बाकीचं नाही."

त्यांनी स्वतःची बॅग ओढून घेतली. मग माझीही, माझ्या आधी. "गाडीत बस," म्हणाल्या. "तुझ्या पोरीला सांगितलंय मी, घरी सोडते म्हणून."

त्यांचं घर वेस्ट विंडसरला, आमचं पार्सिपनीला, म्हणजे अगदी उलट दिशेला. मी टॅक्सी करते म्हटलं तर त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. भावजी गाडी चालवत होते. मी मागं बसले, रिकामे डबे मांडीवर घेऊन. दाराशी उतरताना मी थँक यू म्हटलं. ताईंनी काच वर केली.