कलीचा चौथा चरण

चोरखमाऱ्याच्या तलावाखाली धान पिकवणाऱ्या गावांत सेवकरामशी वाद घालायला सहसा कोणी जात नसे. अंगानं तो फार मोठा नव्हता, पण हात उगारण्याआधी तो बोलत नसे, आणि लोक भीत ते त्यालाच. एकदा मारका बैल अंगावर आला, तेव्हा पळायचं सोडून त्यानं त्याच्या नाकपुड्यांत बोटं घातली आणि त्याला गुडघ्यांवर आणलं. बैल निवल्यावरही त्याची काठी थांबली नव्हती. शेवटी धाकट्या भावानं, खुशालनं, त्याचं मनगट धरलं आणि हसत म्हटलं, "पुरे कर गा दादा, उद्या नांगराले कोन जाईन? तू?"

सेवकरामचं मनगट धरू शकणारा तो एकच माणूस होता.

स्वातंत्र्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी पावसानं आश्विनात ओढ दिली. धान गर्भात आलेलं होतं, आणि त्या वेळी पाणी चुकलं तर लोंबीत दाणा भरत नाही. तलावाचं पाणी पाटानं पाळीपाळीनं मिळायचं. वरच्या गावच्या श्यामलालनं आपली पाळी संपल्यावरही पाटात मातीची ढेकळं घालून पाणी आपल्या बांधीत, धानाच्या शेतात, वळवलं होतं. दुपारी खुशाल ती ढेकळं काढायला गेला.

सेवकराम दोन बांध्या पलीकडे होता. त्याला आधी शिवी ऐकू आली, मग फावडं टणक जमिनीवर आपटल्यासारखा आवाज. बांध्यांमधल्या धुऱ्यावरून धावत तो पोचला, तेव्हा खुशाल पाटात पालथा पडला होता. ढेकळं निघाली होती. पाणी मोकळं झालं होतं आणि खुशालच्या केसांवरून वाहत सेवकरामच्या खालच्या बांधीत शिरत होतं. बांधीतलं पाणी धानाच्या बुडाशी लाल झालं. श्यामलाल फावडं टाकून पळाला होता. पलीकडच्या धुऱ्यावर चार माणसं उभी होती.

खुनाचा खटला भंडाऱ्याला चालला. चार माणसांपैकी एकानंही खरं सांगितलं नाही. एक म्हणाला, मी पाठमोरा होतो. दुसरा म्हणाला, पाय घसरला असेल, दगडावर पडला असेल. श्यामलाल सुटला आणि त्याच संध्याकाळी गावात मिरवत आला.

त्या साली खालच्या बांधीत धान भरघोस आलं. सुलोचनाबाईनं, सेवकरामच्या बायकोनं, नव्या तांदळाचा भात रांधून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं ताट उचललं आणि भिंतीवर मारलं.

"खालच्या बांधीचा आहे ना? मले कायले चारतं?"

दुसऱ्या दिवशी तो केवलराम महाराजांकडे गेला. महाराजांचे वडील छत्तीसगडातून आलेले. पंचक्रोशीतली लग्नं, बारसं, तेरावं सगळं महाराजच करत. ते ओसरीवर दर्भ निवडत बसले होते.

"महाराज, संकल्प सोडाचा आहे."

"कशाचा रे भाई? सत्यनारायणाचा?"

"श्यामलालचं डोस्कं फोडाचा."

महाराज हसले. "उसको संकल्प कायको? काठी लागते."

"काठी आहे. मन माघार घेईन, त्याचं भेव आहे. बायको रडते, पोरगी रडते. उद्या मीच म्हनीन, जाऊ दे. हातात पानी घेऊन म्हटलं, की मंग जाऊ देता येत नाही."

महाराजांनी दर्भ खाली ठेवला. "अरे, ते पाणी हातात घेऊन माणूस ब्रह्मदेवाच्या वयापासून सांगत येतो. ब्रह्मदेवाचं अर्धं आयुष्य सरलं, दुसऱ्या अर्ध्यातला हा श्वेतवाराह कल्प. त्यात हा मनू, ही युगांची चौकडी, हे कलियुग, कलीचा हा चरण. मग संवत, महिना, तिथी, आणि सगळ्यांच्या शेवटी तू, तुझं गोत्र, तुझं नाव. एवढ्या काळाला साक्षीला बसवून खून करीन म्हणशील?"

"म्हनूनच त्याले बसवतो," सेवकराम म्हणाला. "मानसं फुटतेत. एवढा मोठा साक्षीदार कोनाच्यानं फुटत नाही."

महाराजांनी नकार दिला. सेवकरामनं त्यांची मान धरली, त्यांना ओसरीवरून खाली ओढलं आणि त्यांचं तोंड तुळशीच्या ओट्यावर घासलं. एकदा घासल्यावर गालाची सालटं निघाली. दुसऱ्यांदा घासल्यावर दात पडला. आतून महाराजीणबाई ओरडत होत्या. सेवकरामनं तिसऱ्यांदा मान मागे ओढली, तेव्हा महाराज म्हणाले, "सांगतो. पाणी आण."

महाराज रक्ताळल्या तोंडानं एकेक पद सांगत गेले आणि सेवकराम उजव्या तळव्यात पाणी धरून म्हणत गेला. द्वितीय परार्धे. श्वेतवाराह कल्पे. वैवस्वत मन्वंतरे. कलियुगे, कलिचतुर्थचरणे. शेवटी गोत्र, नाव आणि कामना. श्यामलालचं डोकं फुटेस्तोवर भात खाणार नाही, हेही त्यानं त्यात घातलं. पाणी ताम्हणात पडलं. मग त्यानं ते सगळं पाठ होईपर्यंत महाराजांकडून परत परत म्हणवून घेतलं.

पुढच्या श्रावणात त्याला संधी मिळाली. श्यामलाल तलावाच्या बांधावर एकटाच गवत कापत होता. सेवकरामनं पहिली काठी त्याच्या गुडघ्यावर घातली, पळू नये म्हणून. वाटी फुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. श्यामलाल कोसळला. दुसरी काठी डोक्यासाठी वर गेली, पण पडल्या पडल्याच श्यामलालनं विळा फिरवला. काठी निसटून बांधाखाली घरंगळली. तिच्याबरोबर काय गेलं ते सेवकरामला लगेच कळलं नाही. तो श्यामलालच्या छातीवर बसून उजव्या हातानं त्याच्या तोंडावर मारत राहिला, आणि प्रत्येक ठोशाबरोबर श्यामलालचं तोंड आणखी लाल होत होतं. ते रक्त आपल्याच हाताचं आहे हे लोकांनी त्याला बाजूला ओढल्यावर त्यानं पाहिलं. अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं शिल्लक होतं.

श्यामलाल जगला. पाय लाकडासारखा ताठ झाला, पण डोकं शाबूत राहिलं.

सेवकराम नागपूरच्या तुरुंगात गेला. तिथं जात्याच्या खुंट्याला दोन बोटांची पकड बसवताना तो ते पाठांतर म्हणे. द्वितीय परार्धापासून सुरुवात करून चतुर्थ चरणापर्यंत आला की दाणे बारीक होत, आणि श्यामलालच्या नावापर्यंत आला की तो खुंटा असा दाबी, की जात्याची वरची पाळू सरके. शेजारचे कैदी त्याला पंडित म्हणत.

सुटून आला, तरी भात सुटलेलाच होता. तलावाखालच्या त्या मुलखात भात सोडणं म्हणजे पंगत सोडणं, पाहुणचार सोडणं, सण सोडणं. तो भाकर आणि लाखोरीचं वरण खाई. एका पावसाळ्यात घरातली ज्वारी सरली आणि सुलोचनाबाईनं भाकरीच्या पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळली. पहिल्याच घासाला त्यानं ओळखलं. चुलीवरचा तवा उचलून त्यानं तिच्या अंगावर टाकला. तिनं हात आडवा घातला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. त्यांची मुलगी प्रेमिला दारात उभी होती. तिनं हळद आणि लोणी आणून आईच्या हाताला लावलं.

त्या दिवशी संध्याकाळी सेवकराम म्हणाला, "प्रेमिलाचं लगन होऊ दे. मंग मी मोकळा होतो अन् तुले बी मोकळं करतो. त्याचं डोस्कं फोडतो अन् फासावर जातो."

सुलोचनाबाईला ठाऊक होतं की तो बोलला ते करणार. तिनं मुलीसाठी आलेली दोन स्थळं काही ना काही खुसपट काढून परतवली. तिसरं चांगलं होतं, देवरीकडचं. ते परतवायला तिला कारण सापडलं नाही.

लग्न सत्तावन्न सालच्या वैशाखात झालं. केवलराम महाराजांना बोलावणं शक्यच नव्हतं, म्हणून तिरोड्याहून एक तरुण भटजी आणला होता. कन्यादानाचा संकल्प आला. भटजीनं सेवकरामच्या तळव्यात पाणी घातलं आणि ते तुटक्या बोटांच्या जागेतून सरळ खाली गेलं. पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. तेव्हा सुलोचनाबाईनं भाजलेला हात पुढे करून त्याच्या तळव्याखाली आपला तळवा लावला. पाणी राहिलं.

भटजी एकेक पद सांगू लागला. सेवकरामला ते तोंडपाठ होतं, त्यामुळे तो भटजीच्या पुढे पळू लागला. "कलियुगे, कलिचतुर्थचरणे..."

"प्रथमचरणे म्हणा," भटजी म्हणाला.

"चतुर्थ."

"प्रथम हो, मालक. चौथा चरण यायला अजून तीन लाखांवर वर्षं आहेत. पोरीला तोवर घरी ठेवता का?"

मांडवात हशा पिकला. वरबाप म्हणाला, "येवढं थांबाले आमी तयार नाही बाप्पा."

सेवकराम हसला नाही. त्यानं "प्रथमचरणे" म्हटलं, पाणी सोडलं, मुलीचा हात जावयाच्या हातात दिला. पंगत बसली, तेव्हा यजमान जागेवर नव्हता; तो केवलराम महाराजांच्या अंगणात पोचला होता.

महाराज आता थकले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण पावलांचा आवाज त्यांनी ओळखला.

"पाच वर्षं लागली तुला," ते म्हणाले.

सेवकरामनं त्यांना गळ्याशी धरून भिंतीवर आपटलं. डोकं मातीच्या भिंतीला लागून वरून पोपडे पडले. "काऊन केलं असं? येवढा मोठा साक्षीदार तू फोडला."

"फोडला," महाराज धापा टाकत म्हणाले. "तू मान धरली होतीस, जीभ नव्हती धरली. तुझा संकल्प खोटा नाही, भाई. कलीच्या चौथ्या चरणात श्यामलालचं डोकं फोड, खुशाल फोड. आज त्यातलं कसलंही बंधन तुझ्यावर नाही."

"तवापर्यंत तो मरून जाईन."

"तू भी."

सेवकरामची पकड सैल झाली. गुडघ्याच्या वाटीचा आवाज, चुलीवरचा तवा, जात्याचा खुंटा हे सगळं त्यानं संकल्पाच्या नावावर टाकलं होतं. आता ते त्याच्याकडे परत आलं होतं, आणि ठेवायला जागा नव्हती. त्याला यापेक्षा संतापच सोपा होता.

"मंग आता बराबर सांग. पहिला चरण. घे पानी."

"सांगतो," महाराज म्हणाले. "आता मला मरणाचं भय नाही, पण सांगतो. बैस."

त्यांनी चाचपडत तांब्या उचलला. सेवकरामनं हात पुढे केला. पाणी पडलं आणि खाली गेलं. महाराज श्वेतवाराह कल्पापर्यंतही पोचले नव्हते.

"डाव्या हातानं चालते का?"

"चालत नाही."

"मंग तू हात लाव खाली."

"जो हात लावील तो संकल्पात आला. मी येत नाही."

तेवढ्यात सुलोचनाबाई अंगणात आली. पंगत सोडून ती त्याच्या मागे धावत आली होती. अंगावर लग्नाचं लुगडं होतं, कपाळावरची हळद घामानं ओघळली होती.

"बरं झालं आली," सेवकराम म्हणाला. "हात लाव."

"कायच्यासाठी?"

"तुले मालूम आहे."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "पोरीच्या लगनाले लावला. याले लावत नाही."

"लाव म्हनतो ना वो."

"नाही लावत. पाह्यजे तर मले मारून टाका अन् माहा हात तोडून खाली धरा. जिता हात भेटत नाही."

त्यानं डाव्या हाताची मूठ तिच्या तोंडावर मारली. ती ओसरीच्या खांबावर आदळली आणि खाली बसली. ओठ फाटला. रक्त लुगड्यावर गळत होतं, ते पुसायलाही तिनं हात पदराबाहेर काढला नाही. त्यानं तिचा पदर ओढला. तिनं हात छातीशी असे आवळले, की मोडल्याशिवाय निघाले नसते. त्यानं तिच्या मनगटाला हात घातला, आणि त्याची दोन बोटं तव्यानं भाजलेल्या जागेवर पडली. कातडी तिथं अजून गुळगुळीत होती.

त्यानं मनगट सोडलं.

"सांगा महाराज," तो म्हणाला, आणि एकटाच हात पुढे करून बसला.

महाराजांनी पाणी घातलं. ते वैवस्वत मन्वंतरापर्यंत पोचले, तेव्हा तळवा नुसता ओला होता. ते थांबले नाहीत. कलियुग, पहिला चरण, संवत, महिना, पक्ष, तिथी. मग गोत्र, मग सेवकराम हे नाव. मग महाराजांनी विचारलं,

"बोल. काय कामना?"

जमिनीवरचं पाणी शेणाच्या सारवणात मुरत होतं. सेवकराम त्याकडे पाहत राहिला. कामना न सांगताच तो उठला आणि घराकडे चालू लागला. सुलोचनाबाई मागोमाग आली.

वऱ्हाड निघायच्या तयारीत होतं. प्रेमिलानं आईचा ओठ पाहिला आणि बापाकडे पाहिलं. तो तिच्यापुढे मान वर करून उभा राहू शकला नाही. गाड्या निघाल्या. मांडवात खरकटी पानं उरली आणि मोठ्या पितळी गंजात भात.

सुलोचनाबाई रोजच्यासारखी भाकर थापायला बसली नाही. तिनं गंजातला भात ताटात काढला, वर वरण घातलं आणि त्याच्यापुढे ठेवून दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

त्यानं ताट उचललं नाही. अंगठा आणि एका बोटानं घास धरला. अर्धा ताटात सांडला, उरलेला तोंडात गेला. तो बराच वेळ चावत राहिला.

"खालच्या बांधीचा आहे?"

"खालच्याच," ती म्हणाली.

त्यानं दुसरा घास घेतला.