जिथे बर्फ टिकत नाही

हेर्दीसला कोरड्या जमिनीवर झोप लागत नसे. तीस वर्षं ती ट्रॉलरवर, मासेमारीच्या जहाजावर, स्वयंपाक करत होती आणि तीस वर्षं तिच्या उशीखाली इंजिन चाललं होतं. घरात उशीखाली काहीच चालत नव्हतं. म्हणून दुपारी आडवं व्हायचं झालं तर ती कपडे धुण्याचं यंत्र रिकामंच फिरवायची. त्या घरघरीत अर्धा तास डोळा लागायचा. यंत्र थांबलं की तीही उठायची.

जहाज त्या उन्हाळ्यात भंगारात निघालं. नव्या जहाजावर नवा स्वयंपाकी आला, तिशीचा, दाढीवाला. "गरज पडली तर फोन करतो," कप्तान लेइफुर म्हणाला, आणि सत्तावन्न वर्षांची हेर्दीस फोन खिशात घालून फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठच्या आपल्या जुन्या गावात राहायला आली. आधी तिनं स्वयंपाकघर रंगवलं. मग रंग आवडला नाही म्हणून पुन्हा रंगवलं. सूप सव्वीस माणसांच्या मापाचंच व्हायचं, ते ती दारोदार वाटत फिरायची. शेवटी शेवटी लोक दार उघडायला वेळ लावू लागले.

सप्टेंबरात शेजारची ओद्दनी एक बादली घेऊन आली. ओद्दनी चौऱ्याऐंशी वर्षांची. बादलीत मातीनं लडबडलेला, डोक्याएवढा गड्डा होता.

"तुझ्या आईचा रुबार्ब," ती म्हणाली. "धक्क्यावर तिच्या घराच्या जागी गोदाम उभं राहिलं ना, तेव्हा खोदायचं यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी मी फावडं घेऊन गेले. एवढाच निघाला. माझ्या अंगणात माझ्याच रुबार्बला जागा पुरत नाही. हा आता तू सांभाळ."

हेर्दीस बादलीकडे बघत राहिली. आई गेली तेव्हा ती बॅरेंट्स समुद्रात होती. घर विकलं गेलं तेव्हाही समुद्रातच. लहानपणी याच झाडाचे लाल, आंबटढाण देठ साखरेच्या कपात बुडवून तिनं खाल्ले होते. सांगायला आईचं तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

"मला मुळांमधलं काही कळत नाही, ओद्दनी. मला देठ चिरता येतात."

"कळायला काय लागतं? खड्डा कर, मेंढ्यांच्या लेंड्या घाल, कोंबांचे डोळे वर राहू देत. आणि दोन उन्हाळे एकही देठ ओढायचा नाही. एकही नाही, ऐकलंस?"

"दोन उन्हाळे!"

"त्याला आधी खाली रुजायला लागतं. तुझ्यासारखं नाही त्याचं."

एवढं बोलून ती लेकीकडे अकुरेरीला गेली, डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घ्यायला. कुठं लावायचा, ते तिनं सांगितलं नाही. ते गावात कुणालाच सांगावं लागत नाही.

हेर्दीसनं अंगणाला तीन फेऱ्या मारल्या आणि सगळ्यात चांगली जागा निवडली. घराला गरम पाणी आणणारा पाइप जिथून जमिनीखालून जातो, ती पायवाटेच्या कडेची पट्टी. तिथलं गवत नोव्हेंबरातही हिरवं असतं. बर्फ पडला तरी टिकत नाही. उरलंसुरलं आईचं एवढंच, ते तिनं उबेत ठेवलं. वरून माशांची डोकी पुरली, समुद्रातलं शेवाळ घातलं, आणि रोज सकाळी जाऊन बोटानं माती उकरून बघितलं.

नोव्हेंबरच्या शेवटी कोंब वर आला. लाल, चकचकीत, अंगठ्याएवढा. हेर्दीस इतकी हरखली की तिनं त्या दिवशी रुबार्बचा जाम आणि ओट्सचा तो केक केला, ज्याला त्यांच्याकडे संसारसुख म्हणतात. एकटीनं चार तुकडे खाल्ले. तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला आणि कोंब काळा पडून लोळला. डिसेंबरात दुसरा आला. तोही गेला. गड्डा खालून ऊब लागली की उठत होता आणि वरून थंडीचा मार बसला की पडत होता. हेर्दीस त्याच्यावर घोंगड्या घालत होती, काढत होती, पुन्हा घालत होती.

जानेवारीत ओद्दनी परतली. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर आत्ता कुठे उजाडत होतं. नव्या डोळ्यांनी तिनं सगळं अंगण न्याहाळलं आणि घोंगडीपाशी थांबली. घोंगडीवर तिचंच मांजर पसरलं होतं.

"तू हा इथं लावलास?"

"सगळ्यात चांगल्या जागी."

"कुणाला चांगल्या? मांजराला?" ओद्दनीनं काठीनं घोंगडी बाजूला केली. मातीत काळी चिंधी झालेला कोंब होता. "अगं बाई, याला थंडी लागते. हिवाळाभर गार, अंधारात पडून राहायला लागतं, तेव्हा उन्हाळ्यात उठायचं बळ येतं. तू याला झोपूच दिलं नाहीस. असे किती आले?"

"तीन."

"एवढ्याशा गड्ड्यात असे किती असतात, असं वाटतं तुला?"

हेर्दीसला एकदम घरातलं ते रिकामं फिरणारं यंत्र आठवलं. ते आत्ताही चालू होतं.

दोघींनी गड्डा उपसला. एक बाजू मऊ झाली होती, बोट आत जात होतं. तेवढी ओद्दनीनं सुरीनं कापून टाकली. तीन डोळे उरले. घराच्या उत्तरेला मे महिन्यापर्यंत बर्फ असतो, पण तिथली जमीन दगडासारखी गोठलेली, पहार उसळून येत होती. शेवटी हेर्दीसनं धक्क्यावरून मासळीचा एक जुना टब आणला, त्यात माती भरली, गड्डा बसवला आणि टब उत्तरेच्या भिंतीशी ठेवून वर बर्फ लोटला.

"आता?"

"आता काही नाही."

काही नाही, हेच तिला जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं बर्फ उकरून बघितलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ओद्दनीनं खिडकीतून बघितलं आणि खिडकी उघडून इतकी ओरडली की मांजर पळालं.

फेब्रुवारीत फोन वाजला. दाढीवाल्याचं मनगट मोडलं होतं. "सोमवारी येतेस?" लेइफुरनं विचारलं. याच फोनची तिनं सहा महिने वाट बघितली होती. ती ओद्दनीकडे गेली.

"जा," ओद्दनी म्हणाली.

"आणि तो?"

"त्याच्यासाठीच जा. तू इथं राहिलीस तर तो मरेल. तुझ्या हाताला चैन नाही, हेर्दीस. बरं करायला जातेस आणि उकरून ठेवतेस."

हे तिला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. सोमवारी ती जहाजावर चढली. उशीखाली इंजिन आलं, आणि तिला झोप लागेना.

"हेर्दीस, मीठ दोनदा पडलंय," माणसं म्हणू लागली. ती पातेलं सोडून वर जायची.

"लेइफुर, गावात थंडी किती आहे?"

"उणे आठ. का?"

"छान."

दोन दिवसांनी पुन्हा. "आज?"

"अधिक तीन. बर्फ वितळतोय म्हणे. तुझं गावात कोण आहे गं एवढं?"

ती खाली गेली आणि तिनं बटाट्यांची सालं इतकी जाड काढली की पोतं संपलं. मनगट जुळायला वेळ लागला. एकाच्या तीन फेऱ्या झाल्या. समुद्र तोच होता, माणसं तीच होती. पण आयुष्यात पहिल्यांदा ती जहाजावर बसून कशाची तरी वाट बघत होती.

मेच्या मध्यावर जहाज धक्क्याला लागलं. ओद्दनीच्या अंगणातल्या रुबार्बला तळहाताएवढी पानं आली होती. हेर्दीस खांद्यावरची पिशवीही न उतरवता घराच्या उत्तरेला गेली. तिथं बर्फाचा मळकट ढीग होता आणि टब त्याच्या आत होता. तिनं भिंतीला टेकलेलं फावडं उचललं.

"शिवू नकोस," कुंपणापलीकडून ओद्दनी म्हणाली. तिनं जहाज पाहिलं असणार.

हेर्दीसनं फावडं उलटं धरून बर्फात रोवलं आणि घरात गेली. तीन दिवस ती खिडकीपाशी जाऊन परत यायची. चौथ्या दिवशी टबातली माती दिसली. दोन डोळे काळे पडले होते. तिसऱ्या जागी मातीला चीर गेली होती आणि चिरेत बोटाच्या पेराएवढं लाल काहीतरी होतं. तिचा हात पुढे झाला. तो तिनं खिशात घातला, मग दुसराही घातला.

ओद्दनी काठीवर वाकली. "आहे," ती म्हणाली.

"देठ कधी काढायचे?"

"दोन उन्हाळे सोडून."

"आठ महिने झाले की त्यातले!"

"ते धरत नाहीत. ते तू पाइपावर घालवलेस."

हेर्दीसनं जहाजावरची एक शिवी घातली. ओद्दनीनं ती ऐकून घेतली. "याला टबात ठेवून चालायचं नाही. इथंच भिंतीशी खड्डा करून घे. पण जमीन आतून वितळू दे आधी. बारा-पंधरा दिवस तरी."

"सोमवारी जहाज सुटतंय. दाढीवाला नोकरी सोडतोय. लेइफुर म्हणतो, कायमची ये."

"मग?"

हेर्दीसनं बर्फातलं फावडं ओढून काढलं आणि भिंतीशी जमिनीत मारलं. वीतभर खाली ते खणकन थांबलं. दोन पावलं सरकून तिनं पुन्हा मारलं. पुन्हा खणकन.

"सोमवारपर्यंत वितळेल?"

"नाही."

"लेइफुरला दुसरं कुणीतरी बघावं लागेल," हेर्दीस म्हणाली, जमिनीनंच तिला फसवलं असावं अशा रागानं, आणि आणखी दोन पावलं सरकून तिनं तिसऱ्यांदा फावडं मारलं.