पुकाऱ्याआधी

कौटुंबिक न्यायालयाच्या बाहेर तारखेची वाट बघत बसले आहे. मघाशी शिपायाने पुकारा केला. एका बाईचं नाव, मग 'विरुद्ध', मग तिच्या नवऱ्याचं. दोघं दाराशी आले. सुटलेले केस बांधायला तिने हातातली पर्स सरळ त्याच्याकडे दिली. त्यानेही धरली. मग दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

"आण इकडे," ती म्हणाली.

वेगळी राहायला लागल्यापासून वकीलबाई मला सगळं समजावतात. अर्ज, समुपदेशन, पोटगी, मुलीचा ताबा. कायदा कळतो हो, पण हातांना कोण समजावणार? आता आमची नावं येतील. समोरच्या बाकावर माझा नवरा बसलाय, शर्टाची कॉलर एका बाजूने मुडपलेली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले आहे.