नंबर दिसला की

परतूर स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट बघत ते रोज माझ्याच बाकावर बसायचे. जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडणारा माणूस. एका हातानं बाहीला चिकटलेले कालचे तंतू काढत, दुसऱ्या हातात मोबाइल.

कुणालाही लिहिता येतं अशा इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात त्यांच्या गावाचं पान होतं. लोक त्यात केसांच्या तेलाच्या, लॉटरीच्या जाहिराती फोन नंबरासकट घुसवत. हे रोज त्या काढून टाकत. ते पान वाचतं तरी कोण, असं मला वाटायचं.

“कंटाळा येत नाही?” मी एकदा विचारलं.

“येतो ना. पण नंबर दिसला की काढायचं, हातालाच सवय लागली. एका पोरीनं गावच्या वाचनालयावर चार ओळी लिहिल्या, खाली नंबर दिला. मी सगळंच काढून टाकलं. मंग कळलं, वाचनालयाची किल्ली ज्यांच्याकडं राहते, त्या म्हाताऱ्याचा नंबर होता तो.”

“मग परत टाकायचं.”

“टाकलं. तिला माफी बी लिहिली.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “जाहिरातवाल्यांना रोज हाकलून राह्यलो, ते रोज येतात. ती पोरगी काही पुन्हा आली न्हाई.”