न घाबरणारी विमानं

चार इंजिनांचं एवढं मोठं धूड, आणि मागून कोणी जरा गोळ्या मारल्या की पंखच गळून पडतो. असं विमान बनवायचंच कशाला... बरं, नमस्कार सगळ्यांना.

माझी नात सायली कॉम्प्युटरवर लढाईच्या विमानांचा गेम खेळते. कामावरून आली की तेच. हेंद्रेपाड्यातलं आमचं घर एवढंसं, त्यामुळे तिची प्रत्येक लढाई मला भाजी निवडताना बघावीच लागते.

तिच्याकडे बॉम्ब टाकणारं मोठं विमान. तिच्या गेमच्या ग्रुपचा लीडर जितू, कॅम्प पाचमध्ये त्याचं मोबाईलचं दुकान आहे. त्याने सांगितलं, रविवारच्या प्रॅक्टिसला विमान धड खाली उतरवलं नाहीस तर ते दुसऱ्याला देणार. तेव्हापासून पोरीचं जेवणात लक्ष नाही.

सायलीचं म्हणणं, विमानच कच्चं आहे आणि त्यातले कॉम्प्युटरचे बंदूकवाले आंधळे. जितूचं म्हणणं, "असली में भी ऐसाइच होता था." जसा काही हा तिथे चहा द्यायला होता...

रविवारी तिने मलाच शेपटीतल्या बंदुकीवर बसवलं. माऊस फिरवायचा आणि दाबायचा. जितू आणि त्याचे दोन मित्र छोटी विमानं घेऊन आमच्या मागे लागणार होते.

मी सोनिवलीची. लहानपणी भातावरची पाखरं राखलीत. गोफणीने पाखरू मारायचं नसतं, त्याला बसू द्यायचं नसतं... दगड जवळून गेला की थवा उठतो. मी तेच केलं. ते लांब असतानाच गोळ्या सुरू केल्या.

एकही वळला नाही. जितू सरळ गोळ्यांत घुसला, स्वतः पेटला, पेटता पेटता आमचा पंख तोडला, आणि लगेच नवं विमान घेऊन हजर. वर स्पीकरवर विचारतो, "आजी, मच्छर मार रही हो क्या?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खऱ्या लढाईत समोरच्यालाही घरी जायचं असेल ना... हा तर दुकानाच्या गल्ल्यावर बसून मरतोय.

म्हटलं, "जितू, अजून एकदा. पण मेला तो मेला. पुढच्या रविवारपर्यंत खेळायचं नाही."

"आजी, ये रूल गेम में नहीं है."

"लढाईत आहे."

त्याचे मित्र हसले, म्हणाले चालेल. मग त्यालाही हो म्हणावं लागलं.

विमान तेच, पंख तोच, बंदुकीवर मीच. माझा नेम काही सुधारला नव्हता. पण गोळ्या सुरू झाल्या आणि जितू वळला. परत आला, परत वळला... जवळ काही येईना, लांबूनच मारत राहिला. आमचं एक इंजिन बंद पडलं, शेपटीची चाळण झाली, पण सायलीने विमान खाली उतरवलं.

मग तिने ताट वाढून घेतलं आणि भात मागून घेतला.

विमान तिच्याकडेच राहिलं. पण जितू आता ग्रुपवर लिहीत सुटलाय की आजीने रूल बदलला म्हणून विमान वाचलं, खऱ्या लढाईसारखं यात काही नाही. असेल बाबा. मला एवढंच विचारायचंय... माझी एकसुद्धा गोळी तुला लागली नव्हती, मग तू वळलास कशाला?

उत्तर इथे खाली जितूनेच लिहायचं. सायलीने मध्ये बोलायचं नाही.